फांद्यांचं प्रवाळ ओळखायचं कसं: पहिल्या फोटोपासून नाव लिहिण्यापर्यंत

अंदमानहून किंवा लक्षद्वीपहून परतलेल्या कोणाचा ना कोणाचा फोटो मला दर मोसमात येतोच. निळं पाणी, मधोमध तपकिरी फांद्यांचं झुडूप आणि खाली एक ओळ: "ही कोणती जात?" फोटो दोन मीटरवरून काढलेला असतो. त्यावरून जात सांगता येत नाही. छातीठोक सांगणारा अंदाजच ठोकत असतो.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी रंग, मग आकार, मग इंटरनेटवर त्याच्यासारखं दिसणारं चित्र, आणि लगेच नाव. ज्या गोष्टीवर सगळी ओळख उभी असते ती एक-दोन मिलिमीटरची वाटी बघायची राहूनच जाते. खाली तो क्रम सरळ करून दिला आहे. उदाहरण घेतलंय ते आपल्याकडच्या उथळ लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या भिंतीआडच्या शांत पाण्यात, हमखास भेटणारं, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचं अ‍ॅक्रोपोरा.

आधी चार शब्द ठरवून घेऊ. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कोणी जीनससाठी वापरतं, कोणी स्पीशीजसाठी, आणि त्यातून गोंधळ होतो. इथे जीनसला वंश आणि स्पीशीजला जाती म्हटलं आहे. पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक जीव. तो ज्या चुनखडीच्या घरात बसतो ते कोरलाइट, म्हणजेच आपली वाटी. हजारो वाट्या मिळून होते ती वसाहत.

१. पाण्यात उतरण्याआधी

कायद्यापासून सुरुवात करा. सगळी खडकाळ प्रवाळं (इंग्रजीत स्टोनी कोरल) वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फांदी मोडून आणणं हा गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही खिशात टाकायचा नाही. देशाबाहेर न्यायचं तर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराचं परिशिष्ट दोन आडवं येतं. संशोधनाचा परवाना नसेल तर तुमचं सगळं काम फोटोवर चालणार, म्हणून फोटोची तयारी नीट हवी.

दुसरी तयारी यादीची. जिथे जाताय त्या भागात कोणत्या जातींची नोंद आहे ती यादी आधीच काढून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्म्या चुका इथेच टळतात. 'स्टॅगहॉर्न कोरल' असं शोधलं की सर्वांत आधी अ‍ॅक्रोपोरा सर्व्हिकॉर्निस समोर येतं, आणि लोक तेच नाव अंदमानातल्या हॅवलॉकच्या (आताचं स्वराज द्वीप) फोटोखाली लिहून मोकळे होतात. ती जात कॅरिबियन आणि आसपासच्या पश्चिम अटलांटिकची. हिंदी महासागरात ती नाही. अ‍ॅक्रोपोरा पाल्माटाचंही तसंच.

मालवणात स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे दिसतात ती मुख्यतः गोळ्यासारखी आणि पत्र्यासारखी प्रवाळं, म्हणजे पोराइटिस, टर्बिनारिया वगैरे. फांद्यांच्या सरावासाठी लक्षद्वीप, अंदमान किंवा मन्नारचं आखात गाठावं लागेल.

सोबत न्यायचं सामान थोडकं आहे. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारा पाण्यातला कॅमेरा, टॉर्च किंवा फ्लॅश, मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पट्टी आणि पाण्यात लिहिता येणारी पाटी व पेन्सिल. पट्टीला एक पांढरा आणि एक राखाडी चौकोन चिकटवून घ्या. पुढे रंग दुरुस्त करायला तो कामी येतो.

सावध: तरंगण्यावर ताबा नसेल तर आधी वाळूवर सराव करा. मॅक्रो फोटोच्या नादात फिनचा एक फटका बसला की चार-पाच फांद्या गेल्याच.

२. पाच फोटो, याच क्रमाने

पहिला फोटो सगळ्या वसाहतीचा, आजूबाजूच्या वाळू-खडकासकट, बाजूला पट्टी धरून. दुसरा एका अख्ख्या फांदीचा, बुडापासून टोकापर्यंत. तिसरा टोकाचा, अगदी जवळून, बाजूने. चौथा त्याच फांदीचा मधला भाग, टोकापासून दोन ते पाच सेंटिमीटर खाली, कॅमेरा फांदीला काटकोनात धरून. पाचवा टोकाचा वरून, म्हणजे वाटीच्या तोंडात बघितल्यासारखा.

चौथा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. टोकाजवळच्या वाट्या कोवळ्या, अजून वाढत असलेल्या असतात. बुडाजवळच्या वाट्या आजूबाजूच्या चुनखडीत बुडत जातात. खरा आकार मधल्या पट्ट्यात दिसतो.

हे सगळं दिवसा केलेलं बरं. अ‍ॅक्रोपोराचे पॉलिप बहुधा रात्री पसरतात. दिवसा आत ओढलेले असतात, त्यामुळे वाटीची कड उघडी दिसते. आणि टॉर्च लावल्याशिवाय फोटो काढू नका. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी शोषला जातो, म्हणून चार-पाच मीटरवरची तपकिरी फांदी फोटोत हिरवट-निळी दिसते आणि मग 'निळी जात' जन्माला येते.

प्रत्येक वसाहतीचे फोटो सुरू करताना पाटीवर क्रमांक लिहून आधी पाटीचाच एक फोटो घ्या. त्याच पाटीवर खोली, तारीख, लगून की बाहेरचा उतार, लाटांचा मारा किती, हेही लिहा. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात.

तपासा: पाण्यातून बाहेर येण्याआधी चौथा फोटो मोठा करून बघा. वाटीची कड स्पष्ट दिसते का? पट्टीवरचे मिलिमीटर मोजता येतात का? नसतील तर परत जा. पट्टी फांदीच्या शेजारी, त्याच अंतरावर धरायची असते. फांदीवर टेकवायची नाही, आणि मागे धरली तर माप चुकतं.

३. हे खडकाळ प्रवाळ आहे का, ते आधी ठरवा

फांद्या दिसल्या म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, असं नाही. दोन सोंगाडे आधी बाजूला काढा.

मिलेपोराला अग्निप्रवाळ म्हणतात. मोहरीसारखा पिवळसर-तपकिरी रंग, पांढरी टोकं आणि गुळगुळीत पृष्ठभाग. त्यावर वाट्या नसतात, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. खडकाळ प्रवाळांशी त्याचं नातं दूरचं आहे, ते हायड्रोझोआ गटातलं. हात लागला तर आग होते, ही ओळख पटवण्याची पद्धत मात्र वापरू नका.

दुसरं हेलिओपोरा, म्हणजे निळं प्रवाळ. जिवंत असताना वरून राखाडी-तपकिरी दिसतं, पण सांगाडा आतून निळा असतो. आधीच मोडून पडलेला तुकडा निळा दिसला की प्रश्न मिटला. पॉलिप उघडे असतील तर त्यांना आठ शुंडक (तोंडाभोवतीच्या बारीक सोंडा) असतात. खडकाळ प्रवाळांची मांडणी सहाच्या पटीत असते.

४. वंश: टोक बघा, मग उंचवटे मोजा

इथे दोनच प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: फांदीच्या अगदी टोकावर, मधोमध, बाजूच्या वाट्यांहून वेगळी अशी एक वाटी आहे का? असेल तर ते अ‍ॅक्रोपोरा. फांदीची लांबी वाढवते ती हीच वाटी, आणि बाजूच्या वाट्या तिच्या अंगातून फुटत जातात. दंडाएवढ्या जाड, बोथट फांद्या आणि टोकावर एकाऐवजी अनेक अशा वाट्या दिसल्या तर आयसोपोराचा विचार करा. तो पूर्वी अ‍ॅक्रोपोराचाच उपवंश होता आणि २००७ साली स्वतंत्र वंश झाला, म्हणून जुन्या याद्यांत अ‍ॅक्रोपोराखाली सापडेल.

टोकावर अशी वाटी नसेल तर दुसरा प्रश्न: फांदीवरच्या एका उंचवट्यावर वाट्या किती?

एका उंचवट्यावर अनेक बारीक वाट्या पसरलेल्या असतील तर पोसिलोपोरा. त्यातल्या डॅमिकॉर्निस आणि अक्युटा या जातींत उंचवटे इतके लांबतात की उंचवटा कुठे संपतो आणि फांदी कुठे सुरू होते ते कळत नाही. सांगाड्यावरून या दोघींना वेगळं करताना जाणकारही अडखळतात, तेव्हा तिथे वंशावर थांबलात तरी चालेल. उंचवटे आहेत पण त्यांच्यावर वाट्या नाहीत, वाट्या मधल्या जागेत दडलेल्या आहेत, तर माँटिपोरा. उंचवटेच नाहीत, बोटांसारख्या गुळगुळीत फांद्या आणि उथळ वाट्या एकमेकींना खेटून बसल्या आहेत, तर पोराइटिस, बहुधा सिलिंड्रिका. प्रत्येक वाटीवर टोपीच्या छज्जासारखी कड असेल आणि फांद्या बोथट असतील तर स्टायलोफोरा. फांद्या सुईसारख्या निमुळत्या आणि वाट्या उभ्या रांगांत असतील तर सेरियाटोपोरा.

सावध: टोक मोडलेलं असेल, पोपटमाशाने कुरतडलेलं असेल, तर टोकाची वाटी दिसणार नाही आणि तुम्ही अ‍ॅक्रोपोराला माँटिपोरा ठरवाल. निदान पाच फांद्यांची टोकं बघा. ताजं वाढतं टोक फिकट असतं, ते शोधा.

आणखी एक गडबड पांढऱ्या रंगाची. अख्खी वसाहत पांढरी पडली असेल तर ती विरंजनाची खूण असते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठी विरंजनं झाली. पाणी तापलं की पॉलिप आपल्यातली शैवालं बाहेर टाकतात आणि खालचा पांढरा सांगाडा पारदर्शक मांसातून दिसतो. 'पांढरी जात' असं लिहून पाठवलेले फोटो मला अजून येतात.

५. जाती: इथे घाई नडते

अ‍ॅक्रोपोरा हा खडकाळ प्रवाळांतला सर्वांत जास्त जातींचा वंश. नुसत्या 'फांद्या आहेत' या लक्षणावर डझनावारी नावं बसतात. म्हणून लक्षणं एका ठरावीक क्रमाने टिपायची आणि नाव सगळ्यांत शेवटी काढायचं.

*वसाहतीची ठेवण.* मोकळ्या, झाडासारख्या फांद्या? बोटांचा पंजा वर केल्यासारखी? टेबलासारखी सपाट? की बाटली धुण्याच्या ब्रशसारखी, मुख्य फांदीभोवती आखूड काड्या? ठेवण फक्त गट ठरवते. एकच जात शांत लगूनमध्ये लांब, सडपातळ फांद्या काढते आणि लाटांच्या माऱ्यात आखूड, जाड होते. पहिल्या फोटोत आजूबाजूची जागा हवी म्हटलं ते यासाठी.

*टोकाची वाटी.* किती बाहेर आलेली, किती जाड? दहा टोकं मोजा आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठं माप लिहा. एकाच टोकाच्या मापावर नाव ठरवणं म्हणजे शितावरून भाताची नाही, अख्ख्या पंगतीची परीक्षा.

*बाजूच्या वाट्या.* खरा निकाल इथे लागतो. वाटी नळीसारखी उभी आहे का? तोंड गोल आहे की कलमाच्या टोकासारखं तिरकं कापलेलं? नाकपुडीसारखी खालून फुगीर आहे का? खालचा ओठ पुढे आलाय का? फांदीच्या अंगाला चिकटलीय का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सगळ्या वाट्या साधारण एकाच मापाच्या आहेत, की लांब आणि आखूड अशा दोन मापांच्या मिसळलेल्या?

*मधली जमीन.* दोन वाट्यांमधल्या चुनखडीवर जाळी आहे, रेघा आहेत की काटे? हे बहुधा फक्त सांगाड्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. फोटोत दिसलं नाही तर जागा कोरी ठेवा.

आता उदाहरण. लक्षद्वीपचं एक लगून, खोली तीन मीटर, वाळूवर पसरलेली तपकिरी फांद्यांची जाळी, टोकं फिकट. मोकळी, झाडासारखी ठेवण. टोकावर नळीसारखी स्पष्ट वाटी. चौथ्या फोटोत बाजूच्या वाट्या आखूड नळ्यांसारख्या, तोंडं गोल ते तिरकी, मापं बरीचशी सारखी.

एवढ्यावरून मनात येणारं पहिलं नाव अ‍ॅक्रोपोरा म्युरिकाटा. पण ते लिहिण्याआधी शेजाऱ्यांना एकेक करून वगळावं लागतं. वाट्या उघड उघड दोन मापांच्या, लांब नळ्यांच्या मध्ये आखूड, फांदीवरून हात फिरवला तर किसणीसारखी लागेल अशी असती, तर इंटरमीडिया. वाट्यांचे खालचे ओठ रुंद होऊन माशाच्या खवल्यांसारखे दिसत असते, तर अ‍ॅस्पेरा. वाट्या अगदी बारीक, एकसारख्या आणि फांद्या सडपातळ असत्या, तर मायक्रोफ्थॅल्मा. वसाहत फार मोठी, आणि टोकाजवळच्या वाट्या लांब व एकमेकींपासून दूर असत्या, तर ग्रँडिस. आपल्या फोटोत यातलं काहीच नाही, म्हणून म्युरिकाटा टिकलं.

वगळण्याची ही यादी वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कोणी "हे इंटरमीडिया का नाही?" विचारलं तर उत्तर तयार असेल. नुसतं 'म्युरिकाटासारखं वाटलं' हे उत्तर नव्हे.

तपासा: तुमचं निरीक्षण एका फांदीचं आहे की वसाहतीचं? निदान तीन वेगवेगळ्या फांद्यांवर वाट्यांचा आकार जुळला पाहिजे. अशा दाट झुडपांत दोन जाती एकमेकींत घुसलेल्या असतात, आणि टोक एकीचं, मधला भाग दुसरीचा असे फोटो मी स्वतः काढलेले आहेत.

मोबाइल अ‍ॅपने सुचवलेलं नाव वंशापर्यंत पडताळून बघायला बरं. जातीसाठी अ‍ॅप तुमच्या पहिल्या फोटोवर विसंबतं, आणि पहिल्या फोटोत वाटी नसते.

६. सांगाडा: फक्त परवाना असेल तर

परवानगीने घेतलेला बोटभर तुकडा आधी दोन भागांत विभागा. लहान भाग डीएनएसाठी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये. फॉर्मलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. मोठा भाग घरगुती ब्लीचच्या द्रावणात दिवसभर ते दोन दिवस, मांस पूर्ण निघेपर्यंत. मग गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन सावलीत वाळवा.

क्रम उलटला, म्हणजे आधी ब्लीच आणि मग डीएनएची आठवण झाली, तर काही उपाय नाही.

लेबल मार्करने लिहू नका. पहिल्या वेळी माझे अकरा तुकडे पांढरेशुभ्र निघाले, आणि सोबतच्या अकरा चिठ्ठ्याही. कोरून लिहिलेली प्लास्टिकची पट्टी तुकड्याला नायलॉनच्या दोऱ्याने बांधा.

सावध: ब्लीचमध्ये आम्लाचा किंवा संडास साफ करायच्या द्रवाचा थेंबही जाऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. इथेनॉलमधला तुकडाही थेट ब्लीचमध्ये टाकायचा नाही. खिडक्या उघड्या, हातात मोजे.

वाळलेला तुकडा दहा ते चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि पाचव्या पायरीतल्या कोऱ्या जागा भरा. वाटीच्या आतले उभे पडदे मोजा आणि ते वाटीच्या मध्याकडे किती आत आलेत तेही लिहा.

७. डीएनएकडून फार अपेक्षा नको

प्राण्यांसाठी नेहमी वापरला जाणारा मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघराचा) बारकोड, म्हणजे ओळखीसाठी वाचला जाणारा डीएनएचा छोटा तुकडा, प्रवाळांत फारसा कामाचा नाही. त्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए फार हळू बदलतो आणि अ‍ॅक्रोपोराच्या निरनिराळ्या जाती एकसारख्याच दिसतात. जातींची फोड करायला जिनोमभरातले शेकडो-हजारो तुकडे वाचावे लागतात. पोसिलोपोरात मात्र मायटोकाँड्रियाचा एक विशिष्ट भाग चांगला फरक दाखवतो.

अशा कामामुळे नावं हलतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षानुवर्षं ज्याला अ‍ॅक्रोपोरा टेन्युइस म्हटलं जायचं, ते २०२३ मधल्या अभ्यासात अ‍ॅक्रोपोरा केंटी ठरलं. टेन्युइस हे नाव मुळात फिजीच्या नमुन्याला दिलेलं होतं. तेव्हा दूरच्या समुद्रातलं नाव आपल्या वसाहतीला लावताना मूळ नमुना कुठला होता, ते बघा. टेन्युइसला नाव देणाऱ्या डेनाचे बरेच मूळ नमुने अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, केंटीला नाव देणाऱ्या ब्रुकचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये.

८. नाव लिहिणं

नाव आजही ग्राह्य आहे का, ते समुद्री जातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे 'वर्म्स'मध्ये तपासा. भारतातल्या जुन्या अहवालांत अ‍ॅक्रोपोरा फॉर्मोसा हे नाव सर्रास दिसेल. आज ते म्युरिकाटाचं समानार्थी नाव धरलं जातं. दोन्ही नावं यादीत वेगवेगळी मोजली की जातींची संख्या फुकट वाढते.

शास्त्रीय नोंदीत नाव रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत, वंशाचं पहिलं अक्षर मोठं. त्यापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष: लिनिअस, १७५८. म्युरिकाटापुढे हे कंसात येतं, आणि कंस शोभेचा नाही. लिनिअसने ही जात मिलेपोरा या वंशात टाकली होती, नंतर ती अ‍ॅक्रोपोरात आली. वंश बदलला की कंस येतो. बदलला नसेल तर कंस लिहायचा नाही.

वर्गीकरणाची उतरंड अशी: संघ निडारिया, वर्ग अँथोझोआ, गण स्क्लेरॅक्टिनिया, कुल अ‍ॅक्रोपोरिडी, वंश अ‍ॅक्रोपोरा, जाती म्युरिकाटा.

पुरावा जिथे संपतो तिथेच नाव संपवा. नुसता टोकाचा फोटो असेल तर 'अ‍ॅक्रोपोरा एसपी.' एवढंच, म्हणजे जात ठरलेली नाही. बाजूच्या वाट्या जुळतात पण सांगाडा पाहिलेला नाही, तर वंश आणि जाती यांच्यामध्ये 'सीएफ.' लिहा, म्हणजे 'ताडून बघावं'. जुळतं पण एखादं लक्षण उघड वेगळं आहे, तर 'एएफएफ.', म्हणजे 'हिच्या जवळची'. सीएफ. लिहिण्यात कमीपणा वाटणारे पुष्कळ आहेत. मला उलट सीएफ. नसलेली, फोटोवरून केलेली शंभर जातींची यादी दिसली की शंका येते.

आपल्या उदाहरणाची नोंद अशी होईल: अ‍ॅक्रोपोरा सीएफ. म्युरिकाटा (लिनिअस, १७५८), वसाहत क्रमांक ७, लगून, वाळूवर, खोली ३ मीटर, मोकळी झाडासारखी ठेवण, बाजूच्या वाट्या आखूड नळ्या, तोंड गोल ते तिरकं, मापं बरीचशी सारखी, इंटरमीडिया, अ‍ॅस्पेरा, मायक्रोफ्थॅल्मा, ग्रँडिस वगळल्या, सांगाडा पाहिलेला नाही, फोटो पाच. त्याखाली ओळख कोणी केली आणि कोणत्या तारखेला, कारण पुढे नाव बदललं तर बदलणाऱ्याला आधी हीच ओळ शोधावी लागते.